कड्याखालचं गाव आणि आपण: बडोद्याच्या प्रस्तरारोहण गटातल्या स्वयंसेवकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की नवे स्वयंसेवक येतात आणि बरेचसे प्रश्न तेच असतात. तोंडी सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. जिथे आम्ही स्वतः चुकून शिकलो, तिथली उत्तरं लांबली आहेत. तेवढी तरी पूर्ण वाचा.

हा गट चढाई शिकवतो का?

नाही. शिकायचं असेल तर गुजरात सरकारच्या माउंट अबू आणि जुनागढ इथल्या गिर्यारोहण संस्था आहेत, तिथे रीतसर शिबिर करा. आमचं काम वेगळं आहे. बडोद्याहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा, छोटाउदेपूर जिल्ह्यातल्या टेकड्यांवर चढाई करणाऱ्यांना पुढच्या वर्षीही जाता यावं, यासाठी लागेल ते आम्ही करतो. गावाशी बोलणं, वनखात्याकडे अर्ज, पायवाटेची डागडुजी, कचरा उचलणं, कड्यात ठोकलेल्या जुन्या बोल्टांची तपासणी, घरटी असलेले कडे हंगामात बंद ठेवणं. यातलं निम्म्याहून अधिक काम जमिनीवर उभं राहूनच होतं.

मला चढता येत नाही. तरी चालेल?

चालेल काय, हवेच आहात. आमच्याकडच्या सगळ्यात भरवशाच्या स्वयंसेविका निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी आजवर हार्नेस (चढाईचा कमरपट्टा) घातलेला नाही. पण गुजरातीत अर्ज लिहावा तो त्यांनीच, आणि कोणत्या तारखेला कोणत्या कचेरीत कोण भेटलं, काय म्हणालं, याची वही त्यांच्याकडे असते. तीन वर्षांपूर्वी तोंडी मिळालेली परवानगी पुढे नाकारली जाण्याची वेळ आली, तेव्हा त्या वहीतल्या दोन ओळींनी काम झालं.

छोटाउदेपूरच का? पावागड तर घरापासून तासाभरावर आहे.

हा प्रश्न दर वर्षी येतो आणि पावागडाची ओढ आम्हालाही आहे. पण चांपानेर-पावागड २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. डोंगरभर तटबंदी, दरवाजे, टाकी, मशिदी विखुरलेल्या आहेत आणि माथ्यावर कालिकामातेचं देऊळ आहे. नवरात्रात तर पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. कड्यावरून सुटलेला लिंबाएवढा खडा खालच्या वाटेवर कोणाच्या डोक्यात बसेल, हे आपल्या हातात राहत नाही. संरक्षित वास्तूच्या दगडात खिळा ठोकणं तर गुन्हाच आहे. तिथे गट म्हणून आम्ही दोर लावत नाही.

पूर्वेला, बोडेलीच्या पुढे, दगड बदलतो. सह्याद्रीत चढलेल्यांना बेसॉल्टची सवय असते: कडा, टप्पा, पुन्हा कडा. इथे ग्रॅनाइट आहे, सुमारे ९५ कोटी वर्षांपूर्वीचा. दख्खनच्या लाव्हाचं वय साडेसहा कोटींच्या आसपास, त्यावरून अंदाज करा. गोलसर पाठीच्या टेकड्या, घरांएवढे धोंडे, आणि पकड अशी फारशी नसतेच. तळव्याच्या घर्षणावर विश्वास ठेवून उभं राहायचं. उन्हाने वरचे पापुद्रे सुटतात. हात टाकण्याआधी बोटाच्या पेराने टकटक करून पाहा. पोकळ डब्यासारखा आवाज आला तर त्या दगडावर भार टाकू नका आणि खाली उभ्या असलेल्याला बाजूला व्हायला सांगा.

टेकड्यांची नावं आणि लोकेशन इथे का दिलेली नाहीत?

मुद्दाम दिलेली नाहीत. एका टेकडीचा नकाशावरचा बिंदू मोबाइलवर फिरला आणि दोन रविवारांत तिथे गाड्यांची रांग लागली. गावाला आम्ही महिन्यातून एकदा, पंधरा माणसं, असा शब्द दिला होता. येणाऱ्यांनी काही वाईट केलं असं नाही, पण शब्द आमचा मोडला. स्वयंसेवक झालात की जागा कळतीलच. फोटो जरूर टाका, ठिकाणाचं नाव न घालता.

वर्षाचं नियोजन कसं करता?

सुरुवातीला आम्ही आमच्या सोयीने करायचो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा चांगली, म्हणून सगळं तेव्हाच: चढाई, सफाई, गावाशी बोलणी. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर पाऊस, म्हणून तेव्हा सुट्टी. कागदावर छान दिसायचं.

चूक कुठे होती ते कळायला दोन वर्षं गेली. या भागातली कितीतरी राठवा आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेर पडतात, सौराष्ट्रात, सुरतेकडे, काही बडोद्यातच बांधकामांवर. जानेवारीत गावात म्हातारी माणसं आणि लहान मुलंच उरलेली असतात. आम्ही त्यांच्याशी बोलून “गावाची संमती मिळाली” असं लिहायचो. होळीला तरणी माणसं परतली की विचारायची, हे कोणाला विचारून ठरलं? त्यांचं बरोबरच होतं.

आता बोलणी पावसाळ्यात. पेरणी उरकली की, जुलैअखेर ते ऑगस्ट. तेव्हा बहुतेक जण घरी असतात आणि आपल्यालाही चढायची घाई नसते, कारण कडा ओला असतो. ओसरीवर बसून तासभर बोलता येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात मका काढणी असते, तेव्हा कोणाला भेटीला अडवायचं नाही. पायवाट आणि झाडोऱ्याचं काम ऑक्टोबरच्या शेवटी, चढाई नोव्हेंबर ते फेब्रुवारी. होळीच्या आठवड्यात आम्ही कोणताही कार्यक्रम ठेवत नाही. कवांटचा मेळा पाहायला जायचं असेल तर पाहुणे म्हणून जा. मार्च ते मे हिशेब, दोरांची तपासणी आणि कचेऱ्यांमधली कामं बडोद्यात बसून.

मार्चमध्ये सकाळी थंड असतं की. तेव्हा सफाई मोहीम का नको?

एकदा केली होती. सदतीस माणसं आणि नऊ गाड्या. त्या वर्षीचा सगळ्यात मोठा कार्यक्रम म्हणून आम्ही खुशीत होतो. सकाळी सहाला पोहोचलो आणि सावली बघून गाड्या झाडांखाली लावल्या. ती झाडं मोहाची होती. मोह फुलायच्या आधी घरची माणसं झाडाखालची जमीन झाडून, पाला जाळून स्वच्छ करतात, म्हणजे रात्री गळलेली फुलं पहाटे सहज वेचता येतात. वर्षभराच्या मिळकतीतला तो मोठा वाटा असतो. आमच्या टायरांच्या खाचांमध्ये ती मांसल फिकट फुलं चिरडून बसली होती आणि सगळीकडे गोड उग्र वास पसरला होता. एक आजी टोपली घेऊन आल्या. काही बोलल्या नाहीत. गाडीच्या चाकांभोवती जेवढी फुलं शिल्लक होती तेवढी वाकून वेचत राहिल्या.

आम्ही भरपाई दिली, माफी मागितली. गावाने ती स्वीकारली, पण त्या टेकडीवर पुढचं संपूर्ण वर्ष आम्ही पाय ठेवला नाही. तेव्हापासून फाल्गुन-चैत्रात मोहीम नाही, आणि कोणत्याही महिन्यात गाड्या गावाने दाखवलेल्या जागेतच.

एका दिवसाला किती माणसं?

पंधरा. गाव लहान असेल तर दहा. जास्त माणसं म्हणजे जास्त काम, हा समज सोडून द्या. दगड रचून पायवाटेला पायरी करायची तर एका जागी चार जणच काम करू शकतात. उरलेले उभे राहून गवत तुडवतात. मोठ्या संख्येने एकदा येण्यापेक्षा दहा जणांनी वर्षात पाच वेळा ठरलेल्या दिवशी येणं आम्हाला हवं आहे. तिसऱ्या-चौथ्या फेरीला गावातली माणसं नावाने हाक मारतात, आणि तिथून खरी कामं सुरू होतात.

मला किती वेळ द्यावा लागेल?

हंगामात महिन्यातून एक रविवार. तेवढं जमत नसेल तर बडोद्यातलं एखादं काम घ्या. जे घ्याल ते मात्र करा. येता येणार नसेल तर शुक्रवारपर्यंत कळवा, कारण जेवणाचा आकडा आम्ही गावात शनिवारी सकाळी देतो आणि सांगितलेल्या ताटांचे पैसे देतोच.

परवानगी नेमकी कोणाची लागते?

टेकडी कोणाच्या नावावर आहे त्यावर ठरतं, म्हणून पहिलं काम सात-बारा पाहणं. गुजरातच्या महसूल खात्याच्या एनी-आरओआर या संकेतस्थळावर सर्व्हे नंबर टाकून नोंद पाहता येते. तरीही तलाटींना प्रत्यक्ष भेटाच. कागदावर पडीक दिसणारी जमीन गावाचं गौचर, म्हणजे गायरान, निघते, किंवा तिच्यावर कोणाचा वनहक्काचा दावा चालू असतो.

वनखात्याची जमीन असेल तर अर्ज रेंज फॉरेस्ट ऑफिसरमार्फत वर जातो. त्याआधी बीट गार्डला भेटा. डोंगर रोज पायाखाली घालणारा माणूस तोच, आणि बिबट्या किंवा अस्वलाचा वावर सध्या कोणत्या बाजूला आहे हे तोच सांगू शकतो. जांबुघोडा अभयारण्याच्या हद्दीत गोष्ट वेगळी आहे. १९९० साली अभयारण्य घोषित झालेला तो भाग १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. तिथे परवान्याशिवाय शिरायचं नाही, आणि परवाना फिरण्याचा असला तरी दोर लावण्याची मुभा त्यात धरायची नाही.

छोटाउदेपूरचा आदिवासी पट्टा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो, त्यामुळे १९९६ चा पेसा कायदा इथे लागू आहे आणि ग्रामसभेच्या शब्दाला वजन आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने काही गावांना जंगलावर सामूहिक हक्कही मिळतात. पण कायदा बाजूला ठेवला तरी आमची रीत तीच राहील. सरकारी सही हातात असताना गाव नको म्हणालं तर आम्ही परत फिरतो. उलटही तेच: गाव हो म्हणालं पण वनखात्याचं उत्तर आलेलं नाही, तर थांबायचं.

गावाशी बोलायला कोण जातं? मी जाऊ शकतो का?

पहिल्या वर्षी नाही, राग मानू नका. प्रत्येक गावाशी आमचे ठरलेले दोन जण बोलतात, म्हणजे गावाला दर वेळी नवा चेहरा आणि नवं आश्वासन ऐकावं लागत नाही. दुसऱ्या वर्षी तुम्ही त्यांच्याबरोबर जाल, ऐकाल, आणि मग हळूहळू बोलाल.

सरपंच एकटे पुरेसे नसतात. फळियातल्या (वस्तीतल्या) वडीलधाऱ्यांना भेटायचं, आणि टेकडीवर देवस्थान असेल तर बडव्याला विचारायचं. बडवा म्हणजे देवाचं सगळं पाहणारा, पिठोरा, म्हणजे घराच्या भिंतीवरचं देवाचं चित्र, लिहिला जातो तेव्हा विधी करणारा. एका टेकडीवर आम्हाला फार सुंदर भेग दिसली होती, हात बरोबर बसेल अशी, वरपासून खालपर्यंत सलग. तिच्या पायथ्याशी कपारीत मातीचे घोडे ओळीने ठेवलेले होते. काही जुने, कान मोडलेले, शेवाळ धरलेले. एक अगदी नवा, भट्टीच्या रंगाचा. नवस फेडल्यावर ते तिथे ठेवतात. आम्ही विचारलंसुद्धा नाही. त्या बाजूला आता आमचं कोणी जात नाही, आणि नव्या माणसाला ती भेग दाखवतानाही लांबूनच दाखवतो.

भाषेची अडचण येते का?

गुजराती बहुतेकांना येतं आणि बडोद्यात वाढलेल्या आपल्या लोकांनाही येतं. घरात राठवी बोलली जाते. आपसात मराठीत बोलणं समोरचे बसलेले असताना टाळा. आपण त्यांच्याबद्दल काही बोलतो आहोत असं वाटतं.

शैलचित्रं असलेल्या डोंगरावर चढता येईल का?

नाही. तेजगडजवळच्या कोराजच्या डोंगरात प्राचीन शैलचित्रं आहेत. असे आणखी खडक असू शकतात, म्हणून नव्या धोंड्यावर हात टाकण्याआधी कपारीची आतली बाजू नीट पाहायची. लालसर रेघ दिसली तर स्पर्श नको, चॉक (हाताला लावायची पांढरी पूड) नको, आणि रंग उठून दिसावा म्हणून पाणी तर मुळीच मारायचं नाही. फोटो काढा, वहीत नोंद करा, मागे फिरा.

मी सह्याद्रीत बोल्ट मारले आहेत. इथे नवीन रूट (चढाईची वाट) उघडू का?

आधी बोला. इथल्या बऱ्याच टेकड्यांवर माथ्यावरच्या धोंड्यांना स्लिंग (मजबूत पट्टीचा फास) घालून टॉप रोप, म्हणजे वरून सोडलेला दोर, लावता येतो, त्यामुळे नव्या बोल्टची गरज क्वचितच पडते. अँकर (दोराचा आधार) दोन स्वतंत्र जागांवर, कायम. बोल्ट लागलाच तर गावाची आणि जमीनवाल्या खात्याची संमती लेखी, माल स्टेनलेस स्टीलचा आणि ईएन ९५९ या युरोपीय मानकाचा, आणि भोक पाडणारे दोघे अनुभवी. हार्डवेअरच्या दुकानातला बांधकामाचा बोल्ट आणू नका, कितीही जाड दिसला तरी.

जुन्या बोल्टांची तपासणी दर ऑक्टोबरात होते. हँगर (बोल्टवरची भोकाची पट्टी) हाताने फिरतोय का, खाली गंजाचा ओघळ आहे का, भोवतीचा दगड तडकलाय का. शंका आली की लाल चिंधी बांधायची आणि वहीत लिहायचं. लाल चिंधी दिसली की त्या बोल्टला कोणीही कॅराबिनर (दोर अडकवायची कडी) लावायचा नाही, मग तो कितीही अनुभवी असो.

घरट्यांचा एवढा बाऊ का? पक्षी उडून जातील की.

उडून जातात हीच तर अडचण आहे. शृंगी घुबड घरटं बांधत नाही, कड्याच्या कपारीत उघड्या मातीवर अंडी घालतं, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. म्हणजे नेमका आपला हंगाम. माणूस जवळ आला की मादी उठते, आणि मागे उरलेल्या अंड्यांवर एकतर ऊन पडतं किंवा कावळा. ओळखायचं कसं? कड्याच्या पायथ्याशी अंगठ्याएवढ्या करड्या गोळ्या पडलेल्या असतात. काडीने फोडल्या तर आत केस आणि उंदरांची बारीक हाडं निघतात. अशा गोळ्या सापडल्या की तो कडा एप्रिलअखेर बंद. ही पाहणी ऑक्टोबर आणि डिसेंबरात होते, आणि चढता न येणाऱ्यांसाठी याहून चांगलं काम नाही. दुर्बीण आमच्याकडे आहे.

आग्या मोहोळाबद्दल वेगळं सांगायला नको असं वाटतं, तरी सांगते. ओव्हरहँगखाली (पुढे झुकलेल्या कड्याखाली) जुन्या पोळ्याचा काळा डाग दिसला तर माश्या त्याच जागी परततात असं धरा. अत्तर, धूर, आरडाओरडा नको. उठल्याच तर डोकं-तोंड झाकून सरळ पळायचं, सामान तिथेच टाकून.

अपघात झाला तर?

१०८ ला फोन. पण रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते, पुढचं अंतर आपलं. धोंड्यांतून एक माणूस स्ट्रेचरवर उतरवायला सहा ते आठ जण लागतात आणि तेही आलटून पालटून. म्हणून आठपेक्षा कमी माणसं असतील तर त्या दिवशी दोर लागत नाही. मोबाइलला रेंज कुठे मिळते ती जागा सकाळीच पाहून ठेवतो. पहिला उपचार छोटाउदेपूरला किंवा बोडेलीला, गंभीर असेल तर बडोद्याला सयाजी हॉस्पिटल.

फुरसं इथे असतं, अगदी उन्हं खायला दगडावर पसरलेलं. कपारीत न पाहता हात घालू नका. चावलं तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. अंगठ्या-कडी काढा, हात किंवा पाय स्थिर ठेवा आणि सरकारी दवाखाना गाठा. प्रतिविष तिथे मिळतं.

मुलांना आणू का?

सफाईला आणि पाहणीला आणा, पालकांसह. आखाड्यात मल्लखांब करणारी मुलं दगडावर पाहिली की आनंद होतो, पण चढाईच्या दिवशी अठरा वर्षांखालच्यांना आम्ही घेत नाही.

पैसे कुठून येतात, कुठे जातात?

वर्गणीतून. गावात जेवण, वाटाड्या आणि गाड्या राखणारा यांचे पैसे ठरलेले आहेत आणि ते त्याच दिवशी रोख हातात द्यायचे. मक्याचा रोटला आणि अडदाची डाळ वाढली म्हणून ते पाहुणचारात धरू नका, कोणाच्या तरी घरात ती पहाटे उठून केलेली असते. दोर आणि स्लिंग गटाचे आहेत. प्रत्येकाला नंबर आणि तारीख आहे, आणि दहा वर्षं झाली की वापरला नसला तरी तो कापून टाकतो.

खाणींविरुद्ध गट काही करतो का?

मनाला लागणारा प्रश्न आहे. या जिल्ह्यात डोलोमाइट आणि ग्रॅनाइट दोन्ही निघतं, आणि आम्ही चढलेला एक धोंडा पुढच्या हंगामात जागेवर नव्हता. उत्तर गुजरातेतल्या ईडरचे डोंगर खाणींपासून वाचवायला तिथले लोक रस्त्यावर उतरले; ते आंदोलन त्यांचं होतं, म्हणून त्याला जोर होता. इथे खाणीवर मजुरी करणारा माणूस आणि आपल्याला जेवण वाढणारा माणूस पुष्कळदा एकाच घरातले असतात. गावाने हरकत नोंदवायची ठरवली तर नकाशे, फोटो, अर्ज, जे लागेल ते आम्ही पुरवतो. गावाच्या आधी आम्ही बोलत नाही.

पहिल्या दिवशी कुठे यायचं, काय आणायचं?

प्रतापनगर स्टेशन, छोटाउदेपूर गाडीच्या अर्धा तास आधी, तिकीट खिडकीपाशी. शक्य तिथे आम्ही गाडीनेच जातो, मोटारी कमी लागतात. बूट, टोपी, लांब बाह्यांचा शर्ट, बागकामाचे हातमोजे आणि तीन लिटर पाणी. गावातल्या हातपंपावर बाटल्या भरायच्या नाहीत; जानेवारीनंतर तिथे सकाळी रांग असते.